फखरुद्दीनचाचांची बंदूक

फखरुद्दीनचाचांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली, नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली आणि पुढे ढकलली. खिडकीबाहेर निजामपुऱ्याच्या गल्लीतले लूम एकसारखे धडधडत होते, पण त्या धडधडीतूनही मुठीचा खटका वेगळा ऐकू आला. बंदुकीच्या कुशीतल्या फटीतून एक पितळी काडतूस उडालं, गादीवर पडलं आणि घरंगळत गुलाम हुसेनच्या गुडघ्यापाशी येऊन थांबलं.

"खोटं आहे," चाचा म्हणाले. "आत दारू नाही. नुसतं दाखवायला ठेवलंय."

त्यांनी मूठ पुन्हा ओढली, पुन्हा ढकलली. नळीखालच्या नळकांड्यात भरलेली खोटी काडतुसं एकामागून एक बाहेर आली आणि बैठकीतल्या पांढऱ्या चादरीवर पसरली. बंदूक बारा बोअरची होती, परदेशी बनावटीची, पंपाची. एकदा भरली की प्रत्येक बार काढल्यावर फक्त मूठ मागेपुढे करायची. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. भिवंडीत बाकी ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्या दुनळी. पंपवाली एकच, आणि ती फखरुद्दीनचाचांची, हे गुलाम हुसेन लहानपणापासून ऐकत आला होता.

लहानपणापासून त्याने बिबट्याची गोष्टही ऐकली होती. शिकारीवर बंदी यायच्या आधीचा काळ. वज्रेश्वरीपलीकडच्या रानात एका बिबट्याने पाड्यांवरच्या शेळ्या उचलायचा सपाटा लावलेला. माचाण बांधलं गेलं. काळोख. पाचोळा वाजला. दोन डोळे चमकले. इथे चाचा थांबायचे, चहाचा घोट घ्यायचे, समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवायचे आणि मग खालच्या आवाजात म्हणायचे, "आणि बार उडाला." लग्नाच्या मांडवात, हॉटेलात, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर, कुठेही ही गोष्ट निघाली की माणसं हातातलं काम सोडून ऐकत बसत. गुलाम हुसेनला तर तो पाचोळासुद्धा ओळखीचा वाटायचा.

आता चाचांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. दोन्ही मुलगे सौदीत दमामला होते आणि परत यायचं नाव काढत नव्हते. परवाना नवा करायला जायचं म्हणजे कचेरीचे जिने चढा. त्यांनी बंदूक विकायची ठरवली, आणि नेमकी त्याच सुमाराला गुलाम हुसेनला बंदूक हवी झाली. अकलोलीच्या त्याच्या शेतात रानडुकरं घुसत होती.

त्या जनावराचं नाव त्याच्या घरात घेतलं जात नसे. त्याची बायको जुबैदा "ते आले होते का?" एवढंच विचारायची. पण अडचण तिला नीट कळत होती. जमीन गुलामच्या वडिलांनी घेतलेली. चिंतू आणि मंगळी हे वारली जोडपं ती अर्ध्या वाट्याने करायचं आणि बांधावरच्या झोपडीत राहायचं. गेल्या वर्षी डुकरांनी लोंब्या भरलेलं भात असं तुडवलं की कापायला काही उरलंच नाही. तेव्हापासून जुबैदाचं म्हणणं एकच होतं. अंजूरला शेतं जाऊन गोडाऊनं उभी राहत होती, तिथे प्लॉट घ्यावा. गोडाऊनला कोणी खात नाही. शेवटी नवराबायकोचं असं ठरलं की यंदाचं पीक हाती आलं तर जमीन ठेवायची, नाही तर विकायची. गुलामने पिकाच्या राखणीसाठी परवाना काढला. चिंतूला यातलं अर्धंच ठाऊक होतं, पण ते अर्धंही त्याची झोप उडवायला पुरेसं होतं.

साजिदाचाची चहा घेऊन बाहेर आल्या. बुटक्या, गोऱ्या, साडीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेल्या. त्यांनी ट्रे ठेवला, चादरीवरची काडतुसं एका हाताने बाजूला सारली आणि गुलामला विचारलं, "चालवणार कोण?"

"मीच, चाची."

त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. सुताचे नमुने चाचपून पाहणारे, मऊ, निगुतीचे हात. मग त्यांनी बंदूक कोरड्या जागी ठेवायला सांगितलं आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

पोलीस ठाण्यातले सोपस्कार उरकले तेव्हा पाऊस सरला होता आणि अकलोलीत भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडल्या होत्या. गुलाम हुसेन जीपमधून बंदूक घेऊन गेला तर पाड्यावरची पंधरावीस माणसं बांधावर बसून वाट पाहत होती. चिंतूने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गुलामने स्पष्ट केलं की बार हवेत काढायचे आहेत, जनावरं पळवायची आहेत. सगळ्यांनी मान डोलावली. एक म्हातारी मात्र हळूच म्हणाली की चुकून एखादं पडलंच, तर शेठच्या काही ते कामाचं नाही.

मुक्काम करून तो पहाटे उठला. फटफटताना शेताच्या खालच्या अंगाला काळे ठिपके हलताना दिसले. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि नळी आभाळाकडे करून चाप ओढला. बार झाला. दस्त्याने खांद्याला असा धक्का दिला की तो मागे चिंतूवर आदळला. डुकरं उधळली. त्याने सावरून मूठ मागे घेतली, आणि मूठ मध्येच अडकली. रिकामं काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर, दात दाखवल्यासारखं फटीत रुतून बसलं. डुकरं ओढ्यापर्यंत गेली आणि थांबली. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग एकेक करून निवांतपणे परत आली.

"शेट," चिंतू म्हणाला, "त्यांना समजला. बार एकच हाय."

शेवटी मंगळीने नेहमीचा पत्र्याचा डबा बडवत त्यांना हाकललं.

गुलामच्या लूमच्या कारखान्यात अब्दुल नावाचा फिटर होता. आझमगढचा. बिघडलेला लूम नुसता ऐकून तो दुखणं सांगायचा. त्याने बंदूक उलटीसुलटी करून पाहिली आणि निकाल दिला, "सेठ, मशीन मशीन होती है. तेल माँगती है." ऑफिसच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने बंदूक खोलली. रॉकेलने धुतली, लूमचं तेल पाजलं. शिफ्ट सुटलेले कामगार दाराशी गर्दी करून सल्ले देत होते. सगळं परत जोडलं तेव्हा टेबलावर एक स्क्रू उरला. अब्दुलचं म्हणणं पडलं की कंपनीवाले एखादा जास्तीचा देतातच. गुलामने ते मानलं नाही. पुन्हा सगळं खोललं, स्क्रूची जागा सापडली, आणि त्या आनंदात अब्दुलने आणखी थोडं तेल घातलं.

त्या तेलाने अकलोलीत वेगळाच घोटाळा केला. काडतुसं कागदी होती. आधीच दमट हवेने फुगलेली, त्यात तेल प्यायली. ती नळीत शिरायलाच तयार होईनात. गुलाम तसाच ठाणे शहरात गेला. बंदुकांच्या दुकानातल्या माणसाने ती काडतुसं बोटात धरून पाहिली, हसला आणि प्लास्टिकची दिली. पावसाळी मुलखात कागदी वापरायचीच नाहीत, म्हणाला. गुलाम शीळ घालत परत आला. अकलोलीत जाऊन बार काढला, मूठ ओढली, आणि मूठ मध्येच अडकली.

"तुमच्या बंदुकीपेक्षा मंगळीचा डबा बरा," जुबैदा म्हणाली. "तो अडकत तरी नाही."

ती हे रागाने बोलली नव्हती. हसतच होती. पण हसताहसता तिने हेही सांगितलं की अंजूरचा एजंट येऊन गेला आणि पुन्हा येतो म्हणाला.

गुलाम बंदूक घेऊन फखरुद्दीनचाचांकडे गेला. चाचांनी ती मांडीवर घेतली, खोटी काडतुसं भरली आणि मूठ चालवली. सगळी काडतुसं भराभरा बाहेर पडली. एकही अडकलं नाही. चाचांनी विजयी मुद्रेने पाहिलं. गुलामने त्यांना विचारलं की मग शेतावर काय होतं. चाचांनी हवेला दोष दिला, मग काडतुसांना, मग अब्दुलच्या तेलाला. गुलाम पुन्हा आला तेव्हा त्यांनी जरा तिखटपणे सांगितलं की ज्या बंदुकीने बिबट्या लोळवला तिच्यात खोट असणं शक्य नाही, खोट हातात असेल.

गुलामला ते लागलं. पण त्याच्या घरात थोरांना उलट बोलायची रीत नव्हती. तो खाली मान घालून म्हणाला, "मग चाचा, तुम्हीच एकदा शेतावर येऊन दाखवा. तुमच्या हातची बघितली म्हणजे मला कळेल."

चाचांनी डोळ्याचं कारण सांगितलं. मग गुडघ्याचं. मग पुढच्या आठवड्यात मुंब्र्याला एक लग्न असल्याचं. ते सांगत असताना बोटं मात्र एकेक काडतूस डबीत भरत होती आणि एक डबीत जायच्या ऐवजी दोनदा बाहेर पडलं. आतल्या दाराशी साजिदाचाची उभ्या होत्या.

"जाऊ या की," त्या म्हणाल्या. "अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून किती वर्षं झाली. जुबैदालाही घे, गुलाम."

चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत होत्या.

शनिवारी सकाळी चौघं जीपने निघाले. चाचांनी ठेवणीतली काळी टोपी घातली होती, पण वाटभर ते फारसे बोलले नाहीत. नेहमी वज्रेश्वरीचा डोंगर दिसला की गोष्ट सुरू व्हायची. आज डोंगर आला आणि गेला. गुलामला वाटलं, आपण त्यांचा अपमान केला. गाडी चालवताना तो मनातल्या मनात ठरवत होता की बंदूक अडकली तरी काही बोलायचं नाही, आपल्याच हातात खोट होती असं कबूल करायचं आणि विषय संपवायचा. जमिनीचं जे व्हायचं ते होईल.

पाड्यावरची सगळी माणसं जमली होती. बिबट्या मारणारे चाचा येणार ही बातमी चिंतूने दोन दिवस आधी फिरवली होती. खळ्याच्या टोकाला एका खुंटावर त्याने तेलाचा रिकामा डबा ठेवला होता. बाजेवर बायकांची बसायची सोय. मंगळीने उकडलेली रताळी आणि चहा आणला. चाचांनी चहा घेतला, टोपी नीट केली आणि उठले.

त्यांनी काडतुसं भरली. एक हातातून निसटलं, चिंतूने उचलून दिलं. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, बराच वेळ नेम धरला. बार झाला तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे मिटलेले होते, हे गुलामला बाजूने दिसलं. डबा जागच्या जागी होता. बराच वरून, शेवरीच्या झाडातून चारदोन पानं गिरक्या घेत खाली आली. चाचांनी मूठ मागे घेतली आणि ती मध्येच अडकली.

चिंतू वळून उगाच बैलाकडे बघायला लागला. चाचांनी अडकलेलं काडतूस नखाने काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"हवा," ते पुटपुटले. "दमट हवा."

गुलाम पुढे होणार इतक्यात बाजेवरून साजिदाचाची उठल्या. हातातलं अर्धं रताळं त्यांनी जुबैदाच्या हातात दिलं, बोटं पुसली, पदर कमरेला खोचला आणि खळं ओलांडून नवऱ्याजवळ आल्या. त्यांनी हात पुढे केला. चाचांनी बंदूक दिली. नळी जमिनीकडे, दस्ता चाचींकडे. चाचांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते देणं सवयीचं होतं. मग ते डाव्या बाजूला एक पाऊल मागे जाऊन उभे राहिले.

"परवाना माझ्या नावावर आहे, चाची," गुलाम चाचरत म्हणाला.

"मग तू इथे शेजारी उभा राहा."

त्यांनी अडकलेलं काडतूस अंगठ्याने उपटून काढलं. आत बोट फिरवून बोटाला आलेलं तेल पाहिलं, नाक मुरडलं आणि पदराच्या टोकाने जिथवर बोट पोचत होतं तिथवर पुसून घेतलं. मग बंदूक खांद्यात घट्ट रुतवली. डोकं जरासं कललं. पहिल्या बाराला डबा खुंटावरून उडाला. मूठ मागे जाऊन पुढे आली ती डोळ्यांना दिसलीच नाही, फक्त ऐकू आली. दुसऱ्या बाराला डबा जमिनीवर उसळला, तिसऱ्याला कुंपणापलीकडे गेला. रिकामी काडतुसं त्यांच्या पायाशी धूर सोडत पडली.

पाड्यावरची माणसं हललीच नाहीत. मग मंगळी हसायला लागली, आणि तिचं हसू सगळीकडे पसरलं.

"तू तिला भीतभीत ओढतोस, गुलाम," चाची म्हणाल्या. त्यांचा श्वास थोडा वाढला होता, आवाज नेहमीचाच होता. "धक्का बसला की हात आखडतो. अर्धवट ओढलेलं हिला चालत नाही. शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत पुढे. बैठकीत धक्का नसतो, म्हणून तिथे चालते. बंदुकीला काही झालेलं नाही."

त्यांनी त्याच्या हातात बंदूक दिली आणि त्याच्या कोपराला दोनदा झटका देऊन दाखवलं. गुलामने बार काढला आणि दात आवळून मूठ मागे खेचली. रिकामं काडतूस उडून चिंतूच्या खांद्यावर आपटलं. त्याने दुसरा बार काढला, तिसरा काढला. ओढ्यापलीकडच्या झाडीतून पाखरं उठली आणि बराच वेळ खाली बसली नाहीत. गुलामचा खांदा ठणकत होता आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

चिंतू मात्र त्याच्याकडे बघत नव्हता. तो चाचांकडे बघत होता.

"चाचा," तो म्हणाला, "मी तवा लहान व्हतो. बिबळ्या बांबूला बांधून आनला तवा मी पाहिला हाय. तो बार कोनी काढला व्हता?"

त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. चाचांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

"बॅटरी मी धरली होती," ते म्हणाले.

साजिदाचाची कमरेचा पदर सोडत होत्या. त्या थांबल्या.

"आणि हलू दिली नव्हती," त्या चिंतूला म्हणाल्या. "खाली बिबट्या, आणि प्रकाश जागचा हलला नाही. तो हलला असता तर मला काय दिसणार होतं?"

गुलाम हुसेन बंदूक हातात धरून उभा होता. काळोखात डोळे चमकायचे तर उजेड हवा, आणि या बंदुकीलाच दोन हात लागतात. मग बॅटरी धरायला तिसरा हात कोणाचा, हे इतक्या वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं. आणि त्याच्या लक्षात आलं की चाचांच्या तोंडून "मी मारला" असं त्याने एकदाही ऐकलेलं नाही. ते म्हणायचे, बार उडाला. चाचा खोटं बोलले नव्हते. बाकीचं ऐकणाऱ्यांनीच भरून घेतलं होतं.

चिंतूने जरा विचार केला आणि मान हलवली. "बॅटरी धरनं सोपा न्हाय," तो म्हणाला. "मी न्हाय धरली असती."

पाड्यावरचे दोघेतिघे म्हातारे तेवढ्यात चाचांभोवती जमले. त्यांना बिबट्या नीट ऐकायचा होता, बॅटरीसकट. चाचांनी आधी नको नको म्हटलं. मग ते बाजेवर टेकले आणि कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला.

दुपारी दोघी बायका कुंडावर गेल्या. अकलोलीची कुंडं नदीच्या काठाला, शेतापासून चालत जाण्यासारखी. बायकांच्या कुंडाच्या पायरीवर बसून त्यांनी पाय गरम पाण्यात सोडले. आधी चटका बसला, मग बरं वाटायला लागलं. गंधकाचा वास येत होता. जुबैदा मघापासून एक प्रश्न तोंडात घोळवत होती.

"चाची, तुम्ही शिकलात कुठे?"

"माहेरी. खाडीकाठचं गाव आमचं. बापाला मुलगा नव्हता, बंदूक होती. मग ती कोणी तरी चालवायला हवी." त्यांनी ओंजळीने गुडघ्यांवर पाणी घेतलं. "लग्न होऊन आले तर सासरीही बंदूक. मला वाटलं, नशीब काढलं. यांना तिच्या आवाजाचीच भीती. पण मला एकटीला रानात कोण सोडणार? म्हणून हे सोबत आले. माचाणावर चढता येईना, मी वरून हात दिला."

जुबैदा हसली, मग गंभीर झाली. इतकी वर्षं ते सांगत राहिले आणि तुम्ही गप्प कशा राहिलात, असं तिने विचारलं.

"नणंदांची लग्नं व्हायची होती. घरच्या सुनेने झाडावर बसून बिबट्या मारला म्हटल्यावर दारात पाहुणे आले असते का? सासूने ठरवलं, फखरूने मारला असं म्हणायचं. हे नको म्हणत होते. पण सासूपुढे कोण बोलणार?" त्यांनी पाण्यात पाय हलवले. "पुढे लग्नं झाली, सासू गेली. एकदा हेच म्हणाले, आता खरं सांगून टाकू. मीच नको म्हटलं. अगं, ते सांगतात किती छान. मी सांगितली असती तर काय झालं असतं? बसलो, आला, मारला, घरी आलो. ऐकणाऱ्याचा चहासुद्धा संपला नसता."

जुबैदाला हसू आवरेना. शेजारच्या पायरीवरच्या बायकांनी वळून पाहिलं. साजिदाचाचीही हसल्या, तोंडावर ओला हात धरून.

वरच्या रस्त्यावरून जीपचा हॉर्न वाजला. गुलाम निघायची घाई करत होता. उजेड आहे तोवर भिवंडी गाठायची होती. दोघींपैकी कोणी उठलं नाही. जुबैदाने पाय आणखी एक पायरी खाली सोडले.

"मला शिकवाल?" तिने विचारलं.

साजिदाचाचींनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, कोपरापर्यंत दाबून पाहिला, उलटा केला, तळव्यावर अंगठा फिरवला.

"रोज भाकरी थापतेस ना?"

"हो."

"मग जमेल," त्या म्हणाल्या आणि तिचा हात तिच्या मांडीवर परत ठेवला. हॉर्न पुन्हा वाजला.